पिकअपचं पुढचं व्हील बेअरिंग वेळेआधी का जातं, आणि बदलताना काय काय बघायचं

पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं की मिस्त्री नवीन टाकतो, जुनं भंगाराच्या डब्यात जातं, आपण पैसे देतो आणि गाडी पुन्हा लाईनला लागते. चार-सहा महिन्यांत त्याच चाकातून परत घरघर सुरू. मग बेअरिंग डुप्लिकेट होतं, दुकानदाराने फसवलं, आजकाल मालच असा येतो, वगैरे वगैरे. डुप्लिकेट माल असतो, नाही असं नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण एकाच चाकाचं बेअरिंग परत परत जात असेल तर बहुतेक वेळा दोष बेअरिंगच्या बाहेर असतो. हबमध्ये (चाकाच्या मधोमधचा, बेअरिंग धरणारा भाग), स्टब अ‍ॅक्सलवर (हब ज्यावर फिरतो तो दांडा), सीलमध्ये, ब्रेकमध्ये नाहीतर बसवणाऱ्याच्या हातात. आणि तो कुठे आहे हे जुनं बेअरिंगच सांगतं. म्हणून पहिलं काम, जुनं बेअरिंग फेकू देऊ नका, पुसून बाजूला ठेवा.

मी लिहितोय ते मुख्यतः इंजिनचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या मालवाहू पिकअपबद्दल, म्हणजे तुर्भे एपीएमसीतून भाजी उचलणाऱ्या, कळंबोलीतून लोखंड नेणाऱ्या, भिवंडीच्या गोडाऊनमधून ठाण्यात माल टाकणाऱ्या गाड्या. यांच्या पुढच्या हबमध्ये साधारणपणे दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. प्रत्येकाचे दोन भाग, हबमध्ये ठोकून बसवलेला कप आणि रोलर-जाळीसकट सुटा निघणारा कोन. आतल्या बाजूला ऑईल सील, बाहेरच्या बाजूला वॉशर, खाचांचा नट, स्प्लिट पिन आणि वरून ग्रीस कॅप. काही नवीन गाड्यांना आणि फोर बाय फोर पिकअपना सीलबंद हब बेअरिंग येतं, त्याचं काम वेगळं, ते शेवटाकडे.

आधी खात्री करा की बेअरिंगच आहे

आवाज आला की लगेच हब खोलू नका. झिजून लाटा पडलेला टायर पण डिट्टो बेअरिंगसारखाच गुणगुणतो. बेअरिंगचा आवाज गाडीच्या स्पीडबरोबर वाढतो, इंजिनच्या आरपीएमशी त्याचा संबंध नसतो, म्हणजे चालत्या गाडीत क्लच दाबला आणि इंजिन खाली आलं तरी आवाज तसाच राहिला तर आवाज चाकाकडचा. मग सकाळी रस्ता मोकळा असताना चाळीस-पन्नासच्या स्पीडला हळूच डावी-उजवीकडे वळवून बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. हे शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. टायरचा संशय असेल तर पुढची चाकं मागे टाकून एक फेरी मारा, आवाज मागे गेला की विषय संपला.

मग गाडी उचला. चाक वर-खाली धरून हलवा. हलतंय? लगेच बेअरिंग म्हणू नका, बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) गेला असला तरी असंच हलतं. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हे हलणं, गायब झाला तर तो बेअरिंगचा, तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा. डावी-उजवीकडून धरून हलवलं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा प्ले पण येतो, तो वेगळा ओळखा. एक गोष्ट लक्षात ठेवा, टेपर बेअरिंगमध्ये अगदी किंचित प्ले असणं चांगलं, शून्य प्ले म्हणजे चांगलं बेअरिंग हा गैरसमज आहे, आणि याच गैरसमजातून अर्धी बेअरिंगं मरतात.

अजून एक, चाक हाताने फिरवताना दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर किंवा नकलवर (स्टब अ‍ॅक्सल ज्या भागातून निघतो तो) टेकवा. कानाला जे ऐकू येत नाही ते बोटाला लागतं. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं, खराब झालेलं बोटाला बारीक खरखर देतं. बोटं फिरत्या चाकापासून लांब ठेवा.

आणि उष्णता. घोडबंदरहून आलात, गाडी थांबवली, दोन्ही पुढच्या हबच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका, किंवा टेम्परेचर गन असेल तर ती लावा. दोन्ही बाजू साधारण सारख्या हव्यात. एकच बाजू जास्त तापत असेल तर बेअरिंग किंवा जाम झालेला कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग), दोन्ही बघावे लागतात.

आपल्या भागात बेअरिंग मारणाऱ्या गोष्टी

पाणी एक नंबर. पण पाणी आत कसं जातं हे नीट समजून घ्या. भर पावसात माल भरून ब्रेक मारत मारत आलात, हब गरम, आतली हवा पसरलेली. आता पुढे रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबलंय, गाडी त्यात घातली, हब झटकन थंड पडला, आतली हवा आकसली आणि तिने सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेतलं. सील बाहेरून बघायला चांगलं दिसतं तरी हे होतं, आणि सील जुनं असेल तर विचारूच नका. ग्रीस ताकासारखं पांढरट झालं की पाणी गेलेलं आहे. मग गाडी रविवारी एका जागी उभी, पाणी रोलर आणि कपच्या मधल्या फटीत बसून राहतं आणि तिथे गंज धरतो. कप पुसून उजेडात तिरका धरलात तर रोलरच्या अंतरावर बारीक काळपट उभ्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे पाण्याची सही. त्याच रेघांपासून पुढे पापुद्रे निघायला लागतात. दिवाळे-करावेकडे मासळी वाहणाऱ्या गाड्यांना खारं पाणी असतं, तिथे हे अजून लवकर. आणि सर्व्हिस सेंटरला प्रेशर वॉशरचा फवारा जवळून थेट हबच्या मागे सीलवर मारू देऊ नका, पावसाने जे केलं नसतं ते तो फवारा करतो.

ओव्हरलोड दोन नंबर, आणि याचा हिशेब बघण्यासारखा आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य लोडच्या १०/३ घाताच्या हिशेबाने कमी होतं. म्हणजे बेअरिंगवर सव्वापट वजन आलं तर आयुष्य जवळपास निम्मं, दीडपट आलं तर पाव भागाच्या आसपास, दुप्पट आलं तर दहावा भाग. लक्षात घ्या, हे बेअरिंगवर येणारं वजन, हौद्यात टाकलेलं नाही, हौद्यातला बराच माल मागच्या अ‍ॅक्सलवर बसतो. तरी जड माल केबिनला टेकवून पुढे रचला, की पुढचा अ‍ॅक्सल बराच भरतो, आणि गायमुखच्या उतारावर ब्रेक लागला की उरलेलं वजन पण पुढे झेपावतं. वर मुंब्रा बायपास नाहीतर शिळफाट्याच्या खड्ड्यात चाक पडलं की क्षणभर बेअरिंगवर जे येतं ते पासिंगच्या कागदावर नसतं. जड माल मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, हौद्याच्या मधोमध, दोन्ही बाजूला सारखा रचायचा. एका कुशीला भरलेली गाडी एकाच बाजूचं बेअरिंग खाते.

रुंद टायर, बाहेर आलेली रिम, स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती). चाक बाहेर सरकलं की वजनाची रेघ दोन बेअरिंगच्या मधून बाहेर जाते आणि लिव्हरसारखा ताण येतो. मालवाहू गाडीला हे करूच नका.

आता एक असं कारण जे फार कमी लोक बघतात, वेल्डिंग. हौद्याला अँगल, फाळक्याला बिजागर, लोखंडी कठडा, आपल्याकडे ही कामं रोज होतात. वेल्डिंगवाला अर्थची चिमटी जिथे सोयीचं तिथे लावतो, कधी चाकाच्या नटाला, कधी ब्रेक डिस्कला. मग करंट हबमधून, बेअरिंगच्या रोलरमधून, नकलमधून फिरून जातो आणि रोलर-कपच्या मध्ये ठिणग्या पडतात. सूक्ष्म खड्डे पडतात, कधी कपवर पन्हाळी पत्र्यासारखी नक्षी दिसते. काम झाल्यावर गाडी नीट चालते, काही हजार किलोमीटरनी आवाज सुरू होतो आणि तोपर्यंत वेल्डिंगचं कुणाच्या डोक्यातही राहत नाही. उपाय साधा, अर्थ वेल्डिंगच्या जागेपासून जवळात जवळ, त्याच तुकड्यावर लावायचा, बॅटरीची वायर काढायची.

ब्रेक ड्रॅग. कॅलिपरची पिन गंजून अडकली की पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून वाहतं. बेअरिंग निळसर-तपकिरी दिसतं. इथे शंभर बेअरिंग बदलली तरी उपयोग नाही, कॅलिपर सोडवा.

आणि हबचा बोअर, म्हणजे कप ज्यात बसतो ते भोक. कळव्याच्या बाजूच्या एका गाडीवाल्याचं त्याच चाकाचं बेअरिंग पावसाळाभर परत परत जात होतं. हब खोलून टेबलावर ठेवला आणि आतला कप बोटाने ढकलला तर तो चक्क बोटाने फिरला. कप हबमध्ये घट्ट ठोकून बसवावा लागतो, बोटाने फिरणारा कप म्हणजे बोअर खलास. कुणीतरी आधी आत पंचाचे ठिपके मारून तो टाईट केला होता, ते ठिपके चपटे होऊन चकाकत होते. पंच मारून, पत्र्याची पट्टी घालून किंवा चिकटवायचं सोल्युशन ओतून कप बसवणं हा जुगाड काही दिवस चालतो, मग कप परत फिरतो, धातूचा चुरा ग्रीसमध्ये मिसळतो आणि नवीन बेअरिंग खातो. बोअर गेला असेल तर हबच बदला. मिस्त्री दादा म्हणेल, "चालतंय ओ, सगळे असंच करतात." तुम्ही नाही म्हणा, बेअरिंग आणि मजुरी परत परत भरण्यापेक्षा हब एकदा घेतलेला परवडतो.

काम करताना

गाडी रिकामी, जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना गुटके. व्हील नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा. जॅक फक्त उचलायला, उचलून झाल्यावर घोडी चॅसिसखाली लावा, जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

कॅलिपर काढून तारेने टांगा, ब्रेकच्या होजला लटकवू नका, होज आतून फाटतो. ग्रीस कॅप हळूहळू चहूकडून ठोकून सैल करा, चेपली तर नवीन घ्या, कारण चेपलेल्या कॅपच्या कडेने पाणी आत जातं. स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. हब किंचित पुढे ओढलात की बाहेरचा कोन घसरून खाली पडतो, अंगठ्याने अडवून धरा. हब सरळ बाहेर ओढा, मग मागचं सील उचकटून काढा, ते कधीच परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

सगळं डिझेलमध्ये धुवा, चिंधीने पुसून सुकू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग भिरभिर फिरवायचा मोह होतो, आवाज छान येतो, पण तसं करू नका, जाळी सुटून रोलर गोळीसारखे उडाल्याने माणसं जखमी होतात आणि सुकं फिरल्याने बेअरिंगही ओरखडतं.

आता पाच मिनिटं थांबून जुनं बेअरिंग उजेडात वाचा. कपवर एका भागात पापुद्रे म्हणजे ओव्हरलोड किंवा थकवा. रोलरच्या अंतरावर ठसे म्हणजे खड्ड्याचा फटका किंवा बसवताना मारलेला हातोडा. काळ्या उभ्या रेघा, गंज म्हणजे पाणी. निळं, तपकिरी म्हणजे उष्णता, त्यामागे अति आवळलेला नट, सुकलेलं ग्रीस नाहीतर ब्रेक. कपवर एका अंगाने तिरकी झीज म्हणजे कप सरळ बसला नव्हता किंवा स्टब अ‍ॅक्सल वाकलाय. कोनच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे म्हणजे कोन अ‍ॅक्सलवर फिरतोय. स्टब अ‍ॅक्सलवर बोट फिरवा, कोन हाताने सरकेल असाच असतो पण डगडग करू नये. पायरी लागली, निळा डाग दिसला तर तो बदलायला लागेल. सील जिथे घासतं तिथे नखाला खाच लागली तर नवीन सील पण गळणार.

कप काढायला हबच्या आत दोन खाचा असतात, तिथे पितळेचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) लावून आळीपाळीने दोन्हीकडून मारा, एकाच बाजूने मारलात तर कप तिरका होऊन बोअर ओरबाडतो. नवीन कप बसवताना जुनाच कप ड्रिफ्ट म्हणून वापरता येतो, त्याची बाहेरची कड ग्राइंडरवर थोडी कमी करा म्हणजे तो बोअरमध्ये अडकणार नाही. कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की आकसतो आणि सोपा जातो, हबवर गॅसची ज्योत मात्र मारू नका. ठोकताना आवाज ऐका, कप तळाला टेकला की भद्द आवाज बदलून कडक खणखणीत होतो. मग पातळ फिलर गेज (फट मोजायची पट्टी) कपच्या मागून घालून बघा, शिरला तर कप अजून बसलेला नाही. कप आणि कोन नेहमी जोडीने नवीन, एकाच कंपनीचे. जुन्या कपवर नवीन कोन टाकून पैसे वाचवणारे पुढच्या पावसाळ्यात परत येतात.

ग्रीस. डब्यावर लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) २ किंवा ३, व्हील बेअरिंगसाठी असं लिहिलेलं घ्या, आपल्याकडे एपी थ्री म्हणून मिळतं ते बहुतेक याच जातीचं असतं, तरी वाचून घ्या. पिवळं साधं चॅसिस ग्रीस डिस्क ब्रेकच्या हबला नाही, साध्या कॅल्शियम ग्रीसचा ड्रॉप पॉइंट (ग्रीस पातळ होऊन गळायला लागतं ते तापमान) शंभर डिग्रीच्या आसपास असतो. दोन जातींची ग्रीस मिसळू नका, काही जोड्या मिसळल्या की पातळ होऊन वाहतात, म्हणून जुनं पूर्ण धुवूनच नवीन भरायचं. तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्या, कोनची रुंद बाजू त्यात दाबत राहा, अरुंद बाजूने रोलरच्या मधून ग्रीस बाहेर येईपर्यंत, मग पुढे फिरवा, पूर्ण चक्कर. हे मनापासून करा. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नका, एक तृतीयांश ते निम्मी पुरे, जास्त भरलं तर ते घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. हात आणि टेबल स्वच्छ हवं, रस्त्याच्या कडेला धुळीत हे काम करायचं नाही.

आतला कोन टाका, सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावा, सील सपाट ठोकळ्याने सरळ बसवा, हब अ‍ॅक्सलवर सरळ चढवा म्हणजे सीलला थ्रेडचा ओरखडा लागणार नाही. मग बाहेरचा कोन, जिभेचा वॉशर, नट.

नट आवळायचा कसा, सगळा खेळ इथे आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच, काही गाड्यांत स्प्रिंग काट्याने हब ओढून प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला किंचित दाब) मोजायला सांगतात, तिथे तेच करा. आकडा मिळाला नाही तर जी सर्वसाधारण पद्धत आहे ती अशी. हब एका हाताने सतत फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने पान्याने नट आवळा, हब फिरायला जरा जड लागेपर्यंत, यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट अर्धा फेरा सैल करा, पूर्ण मोकळा. मग फक्त बोटांनी, पाना न लावता, जेवढा लागेल तेवढा लावा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर पुढच्या खाचेसाठी नट सैल बाजूला न्या, आवळून कधीच जुळवू नका. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) असेल तर हब पुढे-मागे हलवून प्ले ०.०२ ते ०.१२ मिलिमीटरच्या मध्ये यायला हवा. हब निर्वेध, गुळगुळीत फिरला पाहिजे. पिन नवीन. "थोडा टाईटच ठेवतो, पावसात सैल होतो" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, टाईट ठेवलेलं बेअरिंग गरम झाल्यावर अजून टाईट होतं, मग ते जळतं.

बेअरिंग घेताना बिलावर घ्या आणि कंपनीच्या अधिकृत डीलरकडूनच घ्या. खोक्यावरची छपाई पुसट, बेअरिंगवरचा नंबर खोक्याशी जुळत नाही, खोदलेली अक्षरं वेडीवाकडी किंवा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त, तर ठेवा तिथेच. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप आहे, फोटो काढून तपासता येतं.

सीलबंद हब बेअरिंग असेल तर

याला ग्रीस, अ‍ॅडजस्टमेंट काही नाही, पण दाबताना एकच नियम, जी रिंग बसतेय तिच्यावरच प्रेसचा जोर, बाहेरची बसवताना बाहेरच्या रिंगवर, आतली बसवताना आतल्या. दुसऱ्या रिंगवर जोर गेला की गोट्यांचे ठसे उमटले आणि नवीन बेअरिंग गाडीला लागण्याआधीच गेलं. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी रिंग असते, ती सेन्सरकडे तोंड करून बसते, तिला चुंबक आणि लोखंडी चुऱ्यापासून जपा. अ‍ॅक्सल नट टॉर्क रेंचने दिलेल्या आकड्याला आवळा, इम्पॅक्ट गन मारू नका, आणि नट पूर्ण आवळेपर्यंत चाकावर गाडीचं वजन टाकू नका.

नंतर

व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पहिली फेरी रिकामी, हळू, पंधरा-वीस किलोमीटर, मग दोन्ही हबची उष्णता तपासा. साधारण पाचशे किलोमीटरनंतर गाडी उचलून परत प्ले बघा आणि व्हील नट पण, नवीन कप आणि ग्रीस बसतात तेव्हा थोडा फरक पडू शकतो. आपल्या भागातल्या गाड्यांना मी दोन तारखा धरून चालतो, मे अखेर आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर. मे मध्ये सील आणि कॅप, ऑक्टोबरमध्ये हब खोलून ग्रीसचा रंग. गाडी एकदा हबच्या वरपर्यंत पाण्यात गेली तर तारखेची वाट बघू नका, त्याच आठवड्यात खोला, ओल्या ग्रीसमुळे उभ्या गाडीतही आत गंज चढत राहतो.

आणि रस्त्यात बेअरिंग बसलं, चाक डोलायला लागलं, धूर किंवा जळका वास आला, तर "घरापर्यंत नेतो" म्हणू नका. जळालेला कोन अ‍ॅक्सलला चिकटतो, नट सुटतो, पुढचं चाक हबसकट निघून जातं आणि बायपासवर मागे ट्रेलर असतात. गाडी डाव्या कडेला, पार्किंग लाईट, मागे त्रिकोण, आणि फ्लॅटबेड बोलवा. दोरी बांधून ओढू नका, ओढली तर तेच चाक फिरणार. माल दुसऱ्या गाडीत टाकायला उशीर झाला तर एपीएमसीत भाव पडेल, तेवढाच.